मनं नाव कोठे शे?

श्रोतेहो, नमस्कार.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आपल्या खान्देशात सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांचे, हिशेब होतात. उचल किती, ज्वारी किती, खाडे किती, सगळं मालकाच्या वहीत आणि त्याखाली सालदाराचा अंगठा. वहीत काय लिहिलंय, ते अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसायचं.

तापीकाठच्या एका गावात मी रात्रीचा प्रौढ वर्ग चालवायचो. सुरुवातीला फळ्यावर ‘कमळ’, ‘बदक’ लिहिलं. दिवसभर निंदणी करून आलेली माणसं पेंगायची. चूक माझी होती. एका रात्री सालदारी करणाऱ्या एका आप्पांनी बंडीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला सातबारा काढला, दिव्याखाली पसरला आणि विचारलं, “गुरुजी, मनं नाव कोठे शे?”

नाव नव्हतंच. दोन बिघे जमीन अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर, वारसनोंद कधी झालीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आमचं पुस्तक सातबारा झालं. भोगवटादार, फेरफार, इतर हक्क. जोडाक्षरं अवघड, पण कुणी पेंगलं नाही.

असंच अमेरिकेत घडलं होतं. दक्षिण कॅरोलायनात मतदार व्हायचं, तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. काळ्या लोकांना दूर ठेवायचा तो सोपा मार्ग होता. जॉन्स बेटावर जानेवारी १९५७ मध्ये प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला होत्या बर्निस रॉबिन्सन, पेशाने केशरचनाकार. तुम्हाला काय शिकायचंय, हे त्यांनी आधी लोकांनाच विचारलं. मला ते सुचायला पंधरा दिवस लागले. या वर्गामागे टेनेसीतली हायलँडर शाळा होती, १९३२ साली सुरू झालेली. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तिथल्या शिबिराला गेल्या आणि त्याच डिसेंबरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला त्यांनी नकार दिला. पुढे १९६१ मध्ये तिथल्या राज्य सरकारने ती शाळाच बंद पाडली.

आपल्याकडेही हे नवं नाही. फुले दांपत्याने पुण्यात १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. आणि आपलं शहादा! आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या मागे उभे राहिलेले भिल्ल शेतमजूर, १९७२ ची श्रमिक संघटना, हातून गेलेल्या जमिनींचा लढा. त्या चळवळीत शिबिरं भरत. बायकांच्या शिबिरात दारूचा विषय निघाला आणि तिथूनच उठून बायकांनी दारूची मडकी फोडली. मला तर तीही प्रौढ शाळाच वाटते.

आमच्या वर्गात आप्पांचा वारसनोंदीचा अर्ज सगळ्यांनी मिळून वाचला. लिहून दिला होता गावातल्याच कुणीतरी. वारस म्हणून आप्पा आणि त्यांचे भाऊ. मागे बसलेल्या एका माउलीने बोट ठेवून अक्षरं लावली आणि विचारलं, “आप्पा, तुमच्या बहिणी?” कायद्याने लेकीही वारस असतात, एवढंच मी सांगितलं. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. आप्पांनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

तिसऱ्या रात्री ते सगळ्यांच्या आधी आले. पाटी पुढे केली आणि म्हणाले, “गुरुजी, ‘सुभद्रा’ कसं लिहायचं, दाखवा.”