काळी एकची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात आमच्या फोंड्याच्या घरी बैठकीतल्या फळीवर एक रेडिओ असे, वर आईनं विणलेला रुमाल. १९८० नंतरचं एखादं वर्ष असावं, मी तेव्हा हायस्कुलात होते. दुपारी विविध भारतीवर 'हरी ओम हरी' लागलं. 'प्यारा दुश्मन' चित्रपटातलं, बप्पी लाहिरींच्या संगीतातलं गाणं. आई आत आदोळीवर बसून नारळ खवत होती. तिथूनच तिनं विचारलं, "हरीचें नांव घेवन हो कोण दादलो गाता गो?"

मी म्हटलं, "दादलो न्हय आई, बायल गाता." पुरुष नव्हे, बाई गातेय.

खवण्याचा आवाज थांबला. हात तसाच खोबऱ्यानं भरलेला घेऊन आई बाहेर आली आणि गाणं संपेपर्यंत रेडिओसमोर उभी राहिली. बोलली काहीच नाही. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते मी आजवर विसरलेले नाही. त्याचं कारण सांगायचं तर चार वर्षं मागं जावं लागेल.

आमच्या वाड्यावर चवथीच्या दिवसांत घरोघर आरत्या आणि भजन व्हायचं. घुमट, शामेळ, टाळ आणि एक पेटी. मुलींना शिकवायला एक मास्तर यायचे. त्यांनी एकेकीचा आवाज ऐकला. माझी पाळी आली तेव्हा दोन ओळींतच हात वर करून थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा आवाज पुरुषी. हिला टाळ द्या." मी मागच्या रांगेत जाऊन बसले आणि पुढची सहा-सात वर्षं टाळच वाजवले. ताल पक्का झाला, हे खरं. पण टाळ हातात असताना तोंड मिटून बसणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

आणि मग ही बाई रेडिओवर, सगळ्या देशासमोर, तसल्याच आवाजात हरीचं नाव घेत होती.

उषा उथुप. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मला ती फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा रडू आलं. मुंबईत भायखळ्याला वाढलेली ही तमिळ घरातली मुलगी. वडील पोलीस खात्यात. शाळेच्या गाण्याच्या वर्गातून तिला बाहेर काढलं, कारण तिचा जाड आवाज बाकीच्या मुलींत मिसळत नव्हता. पण बाईंना एवढं जाणवलं की हिच्यात संगीत आहे. म्हणून तिच्या हातात वाजवायला काय दिलं? ट्रँगल आणि टाळ्या वाजवायच्या पट्ट्या. म्हणजे टाळच की!

फरक पुढं पडला. मी टाळ वाजवत राहिले. त्यांनी १९६९ साली मद्रासच्या माउंट रोडवर 'नाइन जेम्स' नावाच्या नाइटक्लबात माइक हातात घेतला. वय एकवीस-बावीस. अंगात कांजीवरम साडी, कारण घरात बायका साडीच नेसायच्या. त्या वेळी नाइटक्लबात गाणारी बाई कशी दिसते याची लोकांच्या डोक्यात एक ठरलेली मूर्ती होती, आणि समोर लग्नघरातली मावशी वाटावी अशी गायिका इंग्रजी गाणी म्हणत होती. तिथून कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज', मग दिल्ली, मुंबई. साडी तीच, पुढं टिकली मोठी झाली, गजरे आणि बांगड्या वाढल्या. त्या टिकलीवर त्या बंगाली 'क' मिरवतात, कलकत्त्याचा क.

आपण गोंयकारांनी एक लक्षात ठेवायला हवं. त्या काळी मुंबई-कलकत्त्याच्या क्लबांतल्या कितीतरी बँडांत आपली माणसं होती. ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन हातात घेऊन इथून गेलेली, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली. सिनेमाच्या संगीतात तर सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्याशिवाय ते सोनेरी दिवस झालेच नसते. पण पडद्यावर नाव येताना ती माणसं मागं राहिली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, कधीतरी त्यावरच बोलायला हवं.

उषाताई मात्र पडद्यावरही आल्या, आणि पहिल्या-पहिल्यांदा आल्या त्या चित्रपटाच्या नावातच गोवा आहे. १९७२ चा 'बॉम्बे टू गोवा'. अमिताभ बच्चन, अरुणा इराणी, मेहमूद आणि ती बस. आपल्याकडे तेव्हा बसला लोक कारेर म्हणत, कदंब महामंडळाच्या सरकारी गाड्या पुढं १९८० साली सुरू झाल्या. त्या चित्रपटात उषाताई गायिका म्हणूनच दिसतात, आणि नामावलीत नाव आहे उषा अय्यर, तेव्हाचं लग्नाचं आडनाव. आदल्याच वर्षी 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये त्यांचा आवाज आशाबाईंच्या आवाजासोबत आला होता. दोन आवाज एकमेकींपासून किती दूरचे, आणि एकाच गाण्यात दोन्ही शोभले.

गाण्यांची यादी मी वाचत बसत नाही. 'शालिमार'मधलं 'वन टू चा चा चा', 'अरमान'मधलं 'रंबा हो', 'डिस्को डान्सर'मधलं 'कोई यहाँ नाचे नाचे', ही तुमच्या ओठांवर आहेतच. आफ्रिकेतलं 'मलाइका' स्वाहिली भाषेत गाऊन त्यांनी केनियातली माणसं आपलीशी केली, हेही पुष्कळांना माहीत असेल.

माहीत नसेल ती गोष्ट अशी. ऐंशीच्या दशकात पश्चिम बंगालमधल्या एका मंत्र्यांनी त्यांच्या गाण्याला 'अपसंस्कृती' ठरवलं आणि सरकारी सभागृहं त्यांना बंद झाली. ज्या शहराचा क त्या कपाळावर लावतात, त्याच शहरात! उषाताई गप्प बसल्या नाहीत, शहर सोडून गेल्या नाहीत. कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. आजही त्या कलकत्त्यातच राहतात. साडी नेसून, कुंकू लावून गाणाऱ्या बाईला संस्कृतीबाहेर काढायला निघालेल्यांना तिच्या आवाजाचीच भीती वाटली असावी, असं मला वाटतं. बाईचा आवाज बारीक असला की तो सोज्वळ, जाड असला की त्यात काहीतरी वावगं, ही समजूत आपल्या वाड्यावरही होती आणि मंत्र्यांच्या कचेरीतही.

आता त्यांच्या अभिनयाविषयी. गाणारीनं अभिनय का करावा, असं कुणी विचारलं तर गोव्यात हा प्रश्नच उमटत नाही. आपल्याकडे दोन्ही एकच. जत्रेच्या मांडवात संगीत नाटक बघत आपण वाढलो, तिथं नट बोलता बोलता थांबतो, पेटीवाल्याकडं बघतो आणि पद सुरू करतो. मंगेशीचे मास्टर दीनानाथ तसे, बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे तशा. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या तेव्हा बाईची भूमिका बाईनं करायची हेच अजून नवं होतं. आणि तियात्र घ्या, आपलं कोंकणी नाटक. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून दोन पडद्यांच्या मधे कांतार, म्हणजे गाणं, हवंच. आल्फ्रेड रोझ काय किंवा एम. बॉयर काय, गायक म्हणायचं की नट म्हणायचं, प्रेक्षकांनी कधी ठरवलंच नाही. कांतार म्हणणारा हात कसा हलवतो, भुवई कुठं उंचावतो, यावर निम्मी टाळी असते.

उषाताईंचा अभिनय मला त्याच घराण्यातला वाटतो. २००६ च्या 'पोथन वावा' या मल्याळी चित्रपटात त्या मम्मूट्टींची आई झाल्या. २०१० मध्ये 'मन्मदन अंबु' या तमिळ चित्रपटात माधवनची आई. आणि २०११ साली विशाल भारद्वाज यांच्या 'सात खून माफ'मध्ये मॅगी आंटी, प्रियांका चोप्राच्या सुझानाच्या घरातली विश्वासू बाई. ही भूमिका जरूर बघा. मॅगीला फार संवाद नाहीत. पण ती दारात उभी असते तेव्हा त्या घरात काय चाललंय हे तिला ठाऊक आहे, हे आपल्याला कळतं. आयुष्यभर हजारो माणसांसमोर मोकळ्या गळ्यानं गाणारी बाई तिथं आवाज आवरून धरते, आणि त्या आवरलेल्या आवाजातही वजन राहतं. गोव्यातल्या जुन्या घरांत अशा मॅगी मी पाहिल्या आहेत. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, सगळं डोळ्यांत, आणि तोंडात एकच वाक्य, चहा ठेवू?

त्याच चित्रपटातलं 'डार्लिंग' त्यांनी रेखा भारद्वाज यांच्यासह गायलं. 'कालिंका' या रशियन गाण्यावर बेतलेली चाल. त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं तेव्हा उषाताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्याआधी २०११ साली पद्मश्री आणि नंतर २०२४ साली पद्मभूषण. मान उशिरा आले. मला त्याचा राग आहे, त्यांना असल्याचं कधी ऐकलं नाही.

पन्नासहून अधिक वर्षं ही बाई गाते आहे. फॅशन बदलली, रेकॉर्ड गेल्या, कॅसेट गेली, सीडी गेली. आवाज त्यांनी बारीक करायला घेतला नाही. कधी आईच्या भूमिकेत, कधी आंटीच्या, पण आल्या त्या स्वतःच्या आवाजानिशीच.

मी नोकरीतून निवृत्त झाले आणि गेली काही वर्षं वाड्यावरच्या मुलामुलींना भजनं शिकवते. गेल्या वर्षी एक सातवीतली मुलगी आली. पेटीवर मी नेहमीसारखी काळी चार धरली, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा उंच सूर. मुलगी दुसऱ्याच ओळीत थांबली, गळ्याला हात लावला आणि कुणी न सांगता मागच्या रांगेत जाऊन टाळ उचलले. माझ्या पोटात कसंतरी झालं. तिला पुढं बोलावलं. पेटीवरचं बोट डावीकडं सरकवत काळी एकवर आणलं, जिथं आपण पुरुषांना गायला बसवतो. म्हटलं, इथून घे. तिनं 'सुंदर ते ध्यान' घेतलं. खोलीतली बाकीची पोरं वळून बघायला लागली. तिचा आवाज जमिनीतून आल्यासारखा होता, भरलेला, कुठं फाटत नव्हता. आवाजात काही खोट नव्हती, पट्टी चुकत होती, एवढंच. माझीही तीच चुकली असेल.

घरी जाताना तिनं विचारलं, "बाई, मुली इथून गातात?" मी तिला मोबाइलवर 'हरी ओम हरी' लावून दिलं आणि उषाताईंचा फोटो दाखवला. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, टिकलीवर आणला आणि विचारलं, "हे अक्षर कोणतं?"

यंदा चवथीला ती पहिल्या रांगेत बसणार आहे. दोन अभंग तिच्याकडे आहेत, दोन्ही काळी एकमध्ये. पेटीवर मी आहे, टाळ यंदा मुलगे वाजवतील.

नमस्कार.