वूव्रे : शेनिन ब्लांचं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्समध्ये लवार नदीच्या उत्तर काठावर, तूर शहराच्या थोडं पूर्वेला वूव्रे नावाचं गाव आहे. तिथली पांढरी वाइन गावाच्याच नावाने विकली जाते. त्या नावाला 1936 पासून कायद्याचं संरक्षण आहे. आपण भौगोलिक मानांकन म्हणतो, तशाच प्रकारचं. परिसरात सुमारे दोन हजार हेक्टरवर बागा आहेत आणि त्यात जवळजवळ सगळीकडे एकच वाण दिसतो, शेनिन ब्लां. आपल्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे नाव नवं नाही. 2000 साली नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लांची होती.

मला वूव्रेबद्दल सगळ्यात विलक्षण वाटतं ते असं, की तिथे कोणती वाइन करायची हे बऱ्याच अंशी त्या वर्षीचं हवामान ठरवतं. उन्हाळा थंड गेला, द्राक्षात साखर कमी भरली, की माल फसफसणाऱ्या वाइनकडे जातो. शॅम्पेनसारखंच तिला बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात. वर्ष बरं गेलं तर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, किंवा किंचित गोड वाइन होते. आणि शरद ऋतू लांबला, सकाळी नदीवरून धुकं आणि दुपारी स्वच्छ ऊन असे दिवस लाभले, तर गोड वाइनचा योग येतो.

हा योग आणते एक बुरशी, बोट्रायटीस. आपल्याकडे मण्यावर बुरशी दिसली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. तिथे मात्र दमट सकाळी ती पिकलेल्या मण्याच्या सालीत शिरते आणि दुपारच्या उन्हात मण्यातलं पाणी उडून जातं. मणी सुरकुततो, तपकिरी पडतो आणि आतला रस दाट होतो. सगळे घड एकदम असे होत नाहीत. त्यामुळे तोडणीही एकदम उरकत नाही. मजूर त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरतात, तयार झालेले घड, कधी घडाचा तयार झालेला भागच, कापून घेतात आणि बाकीचं वेलीवर ठेवतात. असं नोव्हेंबरपर्यंत चालू शकतं. त्या प्रत्येक दिवशी पावसाची टांगती तलवार असते.

एवढी साखर असूनही ही वाइन गोडमिट्ट लागत नाही, कारण शेनिनचा आंबटपणा. पूर्ण पिकल्यावरही तो टिकून राहतो, आणि त्याच्याच जोरावर वाइन अनेक दशकं तग धरते. 1947 सालच्या गोड वूव्रेच्या बाटल्या जाणकार आजही शोधत असतात.

या बाटल्या मुरतात त्या जागेबद्दल सांगायलाच हवं. इथल्या डोंगरकड्याला तुफो नावाचा चुनखडीचा दगड आहे. रंगाने साईसारखा पिवळट, इतका मऊ की हातकरवतीने कापता येतो. लवारच्या खोऱ्यातले राजवाडे याच दगडाचे. दगड काढून झाल्यावर कड्याच्या पोटात जे लांबलचक बोगदे उरले, तीच झाली वाइनची तळघरं. उन्हाळा असो की हिवाळा, आत साधारण 12 अंश तापमान. वर पठारावर वेली, खाली त्यांचीच वाइन.

म्हणूनच वेगवान टीजीव्ही रेल्वेचा मार्ग इथून आखला गेला, तेव्हा गाव हादरलं. बागा तर तुटणार होत्याच, शिवाय गाडीच्या हादऱ्यांनी तळघरात मुरणाऱ्या बाटल्यांचं काय, ही धास्ती होती. गास्तों उए हे नामवंत वाइन उत्पादक तेव्हा गावचे महापौर होते, ते विरोधात उभे राहिले. शेवटी रेल्वे बोगद्यातून, बागांच्या खालून गेली.

अस्मानी संकट मात्र कुणाला अडवता येत नाही. शेनिनला कोंब लवकर फुटतात आणि माल उशिरा पिकतो, म्हणजे एप्रिलच्या हिमदवाचं भय आणि शेवटी पावसाचंही. जून 2013 मध्ये झालेल्या गारपिटीने इथल्या बागा झोडपून काढल्या. निफाड-दिंडोरीच्या श्रोत्यांना याहून जास्त सांगायला नको.

छाटणीबद्दल तिथे एक दंतकथा आहे. तूरचे संत मार्तीन यांनी चौथ्या शतकात जवळच मठ स्थापन केला. त्यांच्या गाढवाने म्हणे वेलींचे शेंडे खाऊन टाकले, आणि पुढच्या हंगामात नेमक्या त्याच वेलींना उत्तम फळ आलं! तिथे वेल थंडीत झोपते, म्हणून एकच छाटणी पुरते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. आपला माल वाढत्या उन्हात तयार होतो आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो. म्हणून वाइनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडायची धडपड. नाशिकच्या शेनिनचा कस माझ्या मते या तोडणीतच लागतो.

कधी वूव्रेची बाटली हाती आली, तर लेबल नीट वाचा. ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ किंचित गोड, ‘म्वालू’ गोड. यातलं काहीच छापलेलं नसेल, तर विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा. आणि जेवणात कोळंबीचं कालवण किंवा थोडं तिखट काही असेल, तर मी दमी-सेकच सुचवेन.