भट्टीशेजारचा कॅल्क्युलेटर

मंडळी, मला विषय दिलाय ‘फौंड्रीतला संगणक’. बोलतो त्यावर, पण आधी खिशातलं हे दाखवू दे. हा एचपी-१५सी, प्रोग्राम भरता येणारा कॅल्क्युलेटर. १९८२ साली बाजारात आला, १९८९ला बंद झाला. लोक मागतच राहिले, म्हणून २०११ला आणि परत २०२३ला पुन्हा काढला. ह्या घराण्यातला ४१सी तर १९८१मध्ये स्पेस शटलच्या पहिल्या उड्डाणात अंतराळवीरांसोबत होता. शटलमध्ये काय संगणक नव्हते?

आता कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या भट्टीवर या. लोखंडाचा रस तयार आहे, स्पेक्ट्रोचा, म्हणजे रसात काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला. कार्बन ३.२ टक्के, हवाय ३.४. भट्टी ५०० किलोची, म्हणजे कमी पडतोय तो एक किलो. पण कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवायची पूड, टाकला तेवढा सगळा रसात उतरत नाही. शुद्धता आणि उतारा मिळून ८५ टक्के धरला, तर जवळजवळ १ किलो १८० ग्रॅम टाकायचा. हिशेब सोपा आहे हो! पण शेजारी मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारा, घाईला आलाय, हातात मोजे आहेत, घाम डोळ्यात जातोय. अशा वेळी ऑफिसात जाऊन पासवर्ड टाकायचा, की तीन आकडे घालून एक बटण दाबायचं? बटण दाबलेलं बोटाला कळतं. मोबाइलच्या काचेवर मोजा घातलेलं बोट फिरवून बघा एकदा.

आणि ह्याची गणित करायची पद्धत. पोलंडच्या लुकासिएविच नावाच्या तर्कशास्त्रज्ञाने चिन्ह आकड्यांच्या आधी लिहायची रीत काढली होती. इथे ती उलटी केलीय, आधी आकडे, मग चिन्ह. कार्बन इक्विव्हॅलंट घ्या, म्हणजे सिलिकॉन-फॉस्फरसचा परिणामही कार्बनच्या मापात धरलेला आकडा. सिलिकॉन आणि फॉस्फरसची बेरीज भागिले तीन, त्यात कार्बन. २.१ एंटर, ०.०६ अधिक, ३ भागिले, ३.४ अधिक. उत्तर ४.१२. कंस एकही नाही, आणि मधली ०.७२ डोळ्यांसमोर येऊन जाते. ती चुकीची दिसली, तर हात तिथंच थांबतो. एक्सेलमध्ये मला ते कधी जमलं नाही. एका कारखान्यात कुणीतरी शीटमधल्या सूत्रावर नुसता आकडा टाईप केला होता. आठवडाभर सगळ्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याचं, उत्तर एकच येत होतं आणि आम्ही ‘व्वा, काय कंट्रोल आहे’ म्हणत होतो.

कॅल्क्युलेटर चुकत नाही, असं मात्र म्हणू नका. मीच माझ्या प्रोग्राममध्ये तो ८५ टक्के कायमचा बसवून ठेवला होता. माल बदलला, उतारा घसरला, आणि दोन हीट कार्बनला कमी पडल्या. तेव्हापासून उतारा दरवेळी विचारतो. प्रोग्राम माझा, म्हणून चूक दहा मिनिटांत सापडली, एवढंच.

साचा भरताना रस कुठं आधी गोठेल, पोकळी कुठं राहील, ते बघायला संगणकच लागतो. तिथं ह्याला खिशातनं काढायचं नाही. पण संगणकावरच्या सिम्युलेशनने रायझर, म्हणजे कास्टिंग गोठताना त्याला रस पुरवणारा जादा साठा, सुचवला, की त्याचं घनफळ भागिले पृष्ठफळ मी ह्याच्यावर काढतो आणि कास्टिंगच्या त्याच आकड्याशी ताडून बघतो. रायझरचा आकडा मोठा असायला हवा. नसेल, तर सिम्युलेशन लावणाऱ्या पोराला हाक मारतो.

हा फिरवतो तुमच्यात. बघा, पण परत द्या. आणि बरोबरचं बटण शोधत बसू नका, ते नाहीच ह्याच्यावर.