पत्ता सांगा

(पडदा काळा. लांबून महामार्गाची घरघर.)

रात्रीचे पावणेदोन. वाईतल्या 108 रुग्णवाहिकेतला मोबाइल वाजतो. पुण्याच्या कंट्रोलनं केस दिलीय. बाळंतपण, कळा सुरू, दुसरी खेप. तालुका वाई. गाव? गाव माहीत नाही.

(गाडीतला दिवा लागतो. तरुण डॉक्टर बूट चढवतेय.)

या डॉक्टरला नोकरीवर येऊन सव्वीस दिवस झालेत. शिक्षण बीएएमएस. टीव्हीवरच्या परदेशी मालिकांत रुग्णवाहिकेतून पॅरामेडिक उतरतो. आपल्या 108 वर डॉक्टर असतो, पुष्कळदा असाच नवखा, आणि जोडीला चालक. चालकाला इथं पायलट म्हणायची पद्धत आहे. ही मात्र त्यांना काका म्हणते. 2014 साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी, त्यातल्या 233 अतिदक्षतेच्या सोयीच्या. आकडा भरभक्कम आहे. पण मध्यरात्री जोर खोऱ्यातून फोन आला, की त्या माणसाच्या वाट्याला एक गाडी आणि धरणाकाठचा वळणावळणाचा रस्ता, एवढंच येतं.

प्रशिक्षणात तिनं छाती दाबायला शिकून घेतलं होतं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटीमीटर खोल. पुतळा सपाट फरशीवर निजलेला. त्याच्याभोवती चुलत्या-पुतण्यांचा घोळका नव्हता, "अगोदर दवाखान्यात न्या, इथं काय तपासत बसलाय" म्हणून कुणी अंगावर येत नव्हतं. आणि तो माडीवर नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका वाड्याच्या जिन्यात स्ट्रेचर वळेना. ही घामाघूम. काकांनी घरच्यांकडं सतरंजी मागितली, चार कोपऱ्यांना चार माणसं लावली आणि आजोबांना अलगद खाली आणलं. सतरंजीचा धडा कुठल्या पुस्तकात नाही.

पत्त्यांचा तर नाहीच नाही. "म्हसोबाच्या माळावरनं खाली या." "पाटलाच्या विहिरीपाशी वळा." कोणते पाटील? सांगणाऱ्याच्या दृष्टीनं पाटील एकच असतात.

पण आजचा फोन वेगळा. बोलणारा बीडकडचा ऊसतोड कामगार. हंगामाला आलेला, मुकादमानं ट्रॅक्टरमधून आणून उतरवलेला. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, राहायला दोघांची मिळून एक कोपी, म्हणजे झोपडी. आज या रानात तोड, आठ दिवसांनी दुसऱ्या. गावाचं नाव त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि त्याचं अडलंही नव्हतं. आतापर्यंत.

डॉक्टर विचारते, "गाव कुठलं, दादा?"

"म्हाईत नाय ओ मॅडम. उसात हाव. लवकर या."

ती पुन्हा तेच विचारते. तिसऱ्यांदाही तेच. आवाज चढायला लागतो, त्याचाही आणि तिचाही. मग काका हात पुढं करतात. "मॅडम, मला द्या जरा."

"पाव्हणं, कोपीच्या बाहेर या. डोंगर दिसतोय का? त्याच्यावरनं गाड्यांचं दिवं उतरत्यात?"

"दिसायलेत की."

"जवळ का लांब?"

"लांब हायेत. रोडचा आवाज मातर जवळ येतोय."

काकांनी किल्ली फिरवली. डोंगरावरून उतरणारे दिवे म्हणजे खंबाटकी. घाट लांब आणि महामार्ग जवळ, म्हणजे कवठ्याच्या आसपासचं रान. "बॅटरी घेऊन कुणालातरी रोडला उभं करा," एवढं सांगून त्यांनी फोन परत दिला.

(काचेतून: अंधारात हलणारा एक टॉर्च.)

सापडलं. पण तिला घेऊन परतताना सुरूर फाट्याच्या अलीकडंच गाडी कडेला घ्यावी लागली. बाळाचं डोकं दिसत होतं. पुढची दहा मिनिटं कॅमेरा बाहेर थांबला, ते बरंच झालं. दिव्यांची उघडझाप, शेजारून जाणारे ट्रक, आणि आतून तिचा आवाज: "ताई, आता जोर लावा." मग बाळ आलं, पण रडलं नाही. तिनं नंतर सांगितलं, की तेवढ्या वेळात तिला फक्त कापड दिसत होतं. कोरडं कापड. पुसायचं, पाठ चोळायची, पुसायचं. किती सेकंद गेले ते तिला सांगता येत नाही. काका म्हणतात, वीस असतील. तिला ते पटत नाही.

रडण्याचा आवाज आला तेव्हा काका बाहेर टायरला टेकून उभे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि घड्याळात बघून वेळ हातावर लिहिली.

(वाई. पहाटेचा दवाखाना.)

बाळ आईच्या छातीशी, दोघी प्रसूतिगृहात. डॉक्टर कागद पुरे करतेय. गाडीची फरशी अजून धुवायचीय, बाळंतपणाचं नवं किट मागवायचंय, ड्यूटी संपायला बराच वेळ आहे. व्हरांड्यात बाप गावाकडं फोन लावतो. पलीकडं म्हातारी असावी, तो ओरडूनच बोलतोय.

"पोरगी झाली, माय! हां, चांगली हाये. कुठं म्हंजे?"

तो फोन छातीशी धरतो आणि डॉक्टरकडं वळतो.

"मॅडम, ह्या गावाचं नाव काय हो?"