लेखणी रॅपरच्या हातात

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ऑगस्ट २०१६च्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

येत्या ६ सप्टेंबरला, मंगळवारी रात्री, एफएक्स वाहिनीवर ‘अटलांटा’ नावाची विनोदी मालिका सुरू होते आहे. ती ज्याच्या डोक्यातून निघाली, जो ती लिहितो आणि तिच्यात मुख्य काम करतो, त्याचं नाव डोनाल्ड ग्लोव्हर. मागच्या रांगांत बसलेल्या मुलांना त्याची ओळख करून द्यायला नको. त्यांच्यासाठी तो चाइल्डिश गॅम्बिनो, या नावाने तो रॅप करतो, आणि त्याची गाणी त्यांना पाठ आहेत. पुढच्या रांगांतल्या काका-काकूंनी कदाचित त्याला गेल्या वर्षी ‘द मार्शियन’ या चित्रपटात पाहिलं असेल. मंगळावर अडकलेल्या माणसाला परत आणायचं गणित मांडणारा, झोप न झालेला तो तरुण शास्त्रज्ञ म्हणजे हाच.

एफएक्सने या मालिकेची घोषणा २०१३च्या ऑगस्टमध्ये केली. पहिल्या नमुना भागाला मंजुरी मिळाली २०१४च्या शेवटी, आणि दहा भागांचा पूर्ण हंगाम ठरला गेल्या ऑक्टोबरमध्ये. एवढा वेळ एखाद्या गोष्टीची वाट पाहिली की ती आपल्या मनात मोठी होत जाते, हे मी जाणून आहे. तरीही मला वाटतं की हे नुसतं आणखी एका मालिकेचं येणं नाही. का, ते सांगायला मी आज समितीकडून वेळ मागून घेतला.

रॅपर टीव्हीवर येणं जुनं आहे. आपल्यापैकी जे नव्वदच्या दशकात या देशात आले, त्यांनी इथल्या घरगुती इंग्रजीचे पहिले धडे ज्या मालिकांमधून घेतले, त्यांत ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ नक्की असेल. १९९० साली विल स्मिथ हा फिलाडेल्फियाचा रॅपर एनबीसी वाहिनीवर आला, आणि श्रीमंत मावशीच्या घरी राहायला आलेला तो भाचा घराघरांत आवडता झाला. १९९३ साली क्वीन लतिफाची ‘लिव्हिंग सिंगल’ फॉक्सवर आली. १९९५ साली एल एल कूल जेची ‘इन द हाउस’. या मालिका मला मनापासून आवडतात आणि त्यांचं श्रेय मी कमी करणार नाही. पण पडद्यामागे कोण होतं ते पाहा. विल स्मिथच्या मालिकेचे निर्माते-लेखक होते अँडी आणि सुझन बोरोविट्झ. क्वीन लतिफाची मालिका इव्हेट ली बाउझर या कृष्णवर्णीय लेखिकेने घडवली, आणि त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. एल एल कूल जेची मालिका विनिफ्रेड हर्वे यांची. रॅपर आपला चेहरा देत, आवाज देत, शीर्षकगीत देत. गोष्ट दुसऱ्या कुणाची असे. आणि ती गोष्ट बहुतेक वेळा अशी बेतलेली असे की रॅप न ऐकणाऱ्या घरालाही तो मुलगा आपला वाटावा.

ग्लोव्हरच्या बाबतीत क्रमच उलटा आहे. तो आधी लेखक आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात तो नाट्यलेखन शिकला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात मुलांची देखरेख करण्याचं काम करत असतानाच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, टीना फे यांनी त्याला आपल्या ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेच्या लेखकांत घेतलं. त्याने ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेसाठी नमुना म्हणून एक संहिता लिहून ठेवली होती, तीच उपयोगी पडली. (मागच्या रांगांतल्या लेखक मंडळींसाठी मुद्दाम सांगते: कुणी मागितलेली नसताना लिहिलेली संहिता होती ती.) मग २००९पासून ‘कम्युनिटी’ या विनोदी मालिकेत ट्रॉय बार्न्स म्हणून तो अभिनेता झाला. त्याच काळात ‘कॅम्प’ आणि ‘बिकॉज द इंटरनेट’ हे अल्बम आले, आणि दुसऱ्याला सर्वोत्तम रॅप अल्बमसाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं. ‘कम्युनिटी’ चालू असताना, पाचव्या पर्वात, तो तिथून निघाला. नावारूपाला आलेली भूमिका, नियमित मानधन, चाहत्यांचं प्रेम, सगळं असताना. आता आपण पाहणार आहोत ते काम त्यानंतरचं आहे.

मालिकेची गोष्ट जेवढी जाहीर झाली आहे तेवढी सांगते. अर्न हा प्रिन्स्टन सोडून परत आलेला तरुण. खिसा रिकामा, पदरात लहान मुलगी. त्याचा नात्यातला भाऊ आल्फ्रेड ‘पेपर बॉय’ या नावाने रॅप करतो आणि त्याचं एक गाणं जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात चालायला लागलं आहे. अर्नला त्याचा मॅनेजर व्हायचं आहे. आल्फ्रेडचं काम ब्रायन टायरी हेन्री करतो. हा अटलांटाच्याच मोरहाउस कॉलेजात शिकलेला आणि येलच्या नाट्यशाळेतून तयार झालेला नट आहे. सोबत लकीथ स्टॅनफील्ड आणि झाझी बीट्झ.

इथे थोडं थांबते, कारण या गोष्टीत मला जे सर्वांत आशादायक वाटतं ते इथेच आहे. मुख्य पात्र रॅपर नाही, मॅनेजर आहे. म्हणजे गोष्ट टाळ्यांची कमी आणि पैशांची जास्त असणार. अटलांटामध्ये गाणं वर कसं येतं? आधी मिक्सटेप, म्हणजे रॅपरने स्वतःच काढलेला गाण्यांचा संग्रह, बहुतेकदा फुकट वाटलेला. मग क्लबमधले डीजे ते वाजवतात का, लोक त्यावर हलतात का, ते पाहायचं. मग रेडिओ. प्रत्येक पायरीवर कुणाची तरी ओळख लागते, कुणाला तरी खूश ठेवावं लागतं, आणि या सगळ्यात महिन्याचं भाडं मात्र थांबत नाही. गाणं सगळ्यांच्या ओठांवर असतं आणि गाणाऱ्याच्या गाडीत पेट्रोल नसतं. ही अवस्था ज्याने जवळून पाहिली आहे तोच तिच्यातला विनोद लिहू शकतो. बाहेरचा लेखक लिहील तेव्हा त्याला त्यात एकतर दया दिसेल नाहीतर गुन्हेगारी.

आता शहराबद्दल. ग्लोव्हर वाढला स्टोन माउंटन इथे, अटलांटाच्या पूर्वेला. वडील टपाल खात्यात, आई पाळणाघर सांभाळणारी, घर यहोवाज विटनेस पंथाचं आणि कडक. आईवडील अनाथ, निराधार मुलांनाही घरात सांभाळत. गावाला नाव देणारा तो ग्रॅनाइटचा डोंगर आपल्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. त्याच्या अंगावर यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या तीन नेत्यांची घोड्यावरची भव्य कोरीव आकृती आहे. ते काम १९७२ साली पुरं झालं. त्याच डोंगराच्या माथ्यावर १९१५ साली कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी संघटना पुन्हा उभी राहिली. आणि १९६३च्या वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वातंत्र्याचा घोष जिथून जिथून उठू दे म्हटलं, त्यात या डोंगराचं नाव मुद्दाम घेतलं. अशा डोंगराच्या सावलीत एक कृष्णवर्णीय मुलगा विनोद लिहायला शिकतो. मालिकेत तो डोंगर दिसेल की नाही, मला ठाऊक नाही. पण विनोद आणि भीती एकाच रस्त्यावर राहतात, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसेल.

याच शहराचं संगीत एके काळी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवाले मोजत नसत. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉप संगीताच्या सोर्स पुरस्कार सोहळ्यात आउटकास्ट या अटलांटाच्या जोडीला पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृहातून हुर्यो उडाली, आणि त्या जोडीतला आंद्रे ३००० माइकवर म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. त्यानंतरच्या वीस वर्षांत दक्षिणेने ते सांगितलं: टी.आय., गुची मेन, फ्यूचर, मिगोस. आज देशभर ज्या ठेक्यावर मुलं नाचतात तो मोठ्या प्रमाणात अटलांटाचा आहे. पडद्यावर मात्र हे शहर बहुधा वेषांतर करून उभं असतं. जॉर्जिया राज्य २००८पासून चित्रीकरणाला मोठी करसवलत देतं, म्हणून तिथे स्टुडिओ उभे राहिले. ‘अँट-मॅन’ या चित्रपटाची कथा सॅन फ्रान्सिस्कोची, पण चित्रीकरण बहुतांशी अटलांटा परिसरात. ग्लोव्हरची मालिका त्याच शहरात चित्रित झाली आहे, आणि यावेळी शहर स्वतःच्या नावाने उभं आहे.

त्याने लेखक निवडले तेही पाहण्यासारखे आहेत. सगळे कृष्णवर्णीय, आणि बहुतेकांनी याआधी टीव्हीसाठी लिहिलेलं नाही. त्यांत त्याचा धाकटा भाऊ स्टीफन आहे. दिग्दर्शक हिरो मुराई, टोकियोत जन्मलेला, ग्लोव्हरच्या गाण्यांचे व्हिडिओ करणारा. त्याने याआधी अशी मालिका केलेली नाही. वाहिनीने एवढ्या नवख्या लोकांवर पैसे लावले, याचं मला कौतुक वाटतं. आपली स्वतःची नाटकं आपण बसवतो तेव्हा एकमेकांच्या घरची भाषा माहीत असलेली चार माणसं तालमीत असली की किती गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, हे आपल्या नाट्यगटाला चांगलं माहीत आहे.

काळजीही वाटते, ती लपवत नाही. ग्लोव्हरने सांगितलं आहे की त्याला रॅपरांना घेऊन ‘ट्विन पीक्स’ करायची होती. डेव्हिड लिंचची ती गूढ, स्वप्नासारखी मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल की ही उडी केवढी आहे. अर्ध्या तासात, मध्ये जाहिराती घेऊन, हसवायचं आणि अस्वस्थही करायचं. तोल गेला तर दोन्ही हातचं जातं. दुसरी भीती अशी की दोन-तीन भागांनंतर गोष्ट नेहमीच्या वाटेला लागेल: गरिबी, एक गाणं, प्रसिद्धी, गर्व, पश्चात्ताप. ती गोष्ट आपण पुष्कळदा पाहिली आहे. मला अर्न दहाव्या भागातही पैसे मोजताना दिसला तर जास्त आवडेल.

आपल्याला याचं काय, असं काही जणांच्या मनात असेल. गेल्या नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर ‘मास्टर ऑफ नन’ आली. जॉर्जियाच्या शेजारच्या दक्षिण कॅरोलिनात वाढलेल्या अझीझ अन्सारीने तिच्यात आपल्या खऱ्या आईवडिलांनाच आईवडिलांच्या भूमिकेत आणलं. तो भाग पाहिल्यावर आपल्या कितीतरी घरांत मुलांनी आईबाबांना पहिल्यांदा विचारलं की तुम्ही इथे आलात तेव्हा काय झालं होतं. ज्याची गोष्ट त्याने लिहिली की असं होतं. पण मला वाटतं, आपण फक्त आपल्यासारखे चेहरे दिसतात तिथेच थांबू नये. आपली मुलं ज्या शाळांत जातात तिथे अर्न आणि आल्फ्रेडही जातात. आपण मोठी माणसं कितीदा त्या मुलांच्या घरी गेलो आहोत? या देशात आपल्याला ज्या वाटा मोकळ्या मिळाल्या, त्यांतल्या बऱ्याच कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळे मोकळ्या झाल्या. ज्या वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला त्याच १९६५ साली आशियातून येणाऱ्यांसाठी स्थलांतराचा कायदा बदलला. मग त्यांच्या घरातला विनोद त्यांच्याच तोंडून ऐकायला आपण मंगळवारी तासभर बसावं, एवढी माझी मागणी जास्त नाही.

पालकांना एक सांगते. भाषा मोकळी असेल, शिव्या असतील, नशापाणी असेल. लहानांना झोपवा. पण हायस्कूलच्या मुलांसोबत मात्र बसून पाहा, आणि मधेच टीव्ही बंद करू नका. एखादा प्रसंग कळला नाही तर मुलांना विचारा. त्यांना तो बहुधा कळलेला असेल.

वेळेचं म्हणाल तर योग चांगला जुळला आहे. यंदा गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरला, सोमवारी, लेबर डेच्या सुट्टीलाच आली आहे. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती आहे त्यांचं विसर्जन मंगळवारी संध्याकाळी होईल, आणि मालिका पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री दहाला आहे. पहिल्या रात्री दोन भाग सलग, पुढे दर मंगळवारी एक. या हिशेबाने शेवटचा भाग १ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी येतो. दोन भाऊ मिळून लिहीत असलेल्या मालिकेसाठी हा दिवस मला फार आवडला.

समितीने दिवाळीच्या कार्यक्रमानंतर चर्चेसाठी छोटा हॉल द्यायचं कबूल केलं आहे. सूत्रसंचालन हायस्कूलची मुलं करणार आहेत. ज्यांना मालिका आवडणार नाही त्यांनीही जरूर यावं, फक्त दहाही भाग पाहून यावं.