फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात?

(दृश्य : पगारपत्रक, 'व्यवसाय कर' हा रकाना)

महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत मात्र ३००. वर्षाचे होतात २,५००. त्यापुढे एक रुपयाही घेता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ ने तिथे कुंपण घातलंय. १९८८ पर्यंत हे कुंपण २५० रुपयांवर होतं.

महाराष्ट्रात हा कर आला १९७५ मध्ये, रोजगार हमीसाठी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या लाखो माणसांना पुढेही काम द्यायचं, तर पैसा उभा करायला हवा होता. तो पगारदारांकडून आणि व्यावसायिकांकडून घ्यायचं ठरलं.

(दृश्य : विधान भवन, मुंबई)

कर शासन निर्णय काढून बसवता येत नाही, कायदाच लागतो. नुसत्या कराचं विधेयक म्हणजे धन विधेयक. ते तसं आहे की नाही, यात विधानसभा अध्यक्षांचा शब्द अखेरचा. मांडायला राज्यपालांची शिफारस लागते, आणि सुरुवात विधानसभेतूनच. इथे एक मजेदार पोटकलम आहे : कर कमी करणारी दुरुस्ती सुचवायची असेल, तर आमदाराला त्या शिफारशीची गरज नाही. वाढवायचा म्हटला की शिफारस आलीच.

सभेत मंजूर झालं की विधेयक विधान परिषदेकडे जातं. मुदत १४ दिवस. परिषदेनं सूचना कराव्यात. त्या मानायच्या की नाही, हे सभा ठरवणार. परिषद गप्प बसली, तरी १४ दिवसांनी विधेयक मंजूर झालं असंच धरतात. पुढे राज्यपालही ते फेरविचाराला परत पाठवू शकत नाहीत.

(दृश्य : वि. स. पागे यांचं छायाचित्र)

आणि ज्यांना रोजगार हमीचे जनक म्हणतात, ते वि. स. पागे होते याच विधान परिषदेचे सभापती! सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी १९६५ मध्ये हा प्रयोग करून पाहिला होता. पैशाच्या विधेयकावर ज्या सभागृहाला नकाराधिकार नाही, त्याच्या सभापतींची ही कल्पना पुढे राज्याचा कायदा झाली.

(दृश्य : अर्थसंकल्पाचं भाषण)

२०२३ च्या अर्थसंकल्पात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ करण्याची घोषणा झाली. आधीची मर्यादा १०,००० होती. बाकं वाजली, बातम्या आल्या. पण नुसत्या भाषणानं कुणाची कपात थांबत नाही; त्यासाठी कायद्याची अनुसूची, म्हणजे कराच्या दरांचा तक्ता, बदलावी लागते.