छेदातली जमीन

जागतिक बँक दरवर्षी विकासाचे निर्देशक प्रसिद्ध करते. बालमृत्यू, साक्षरता, दरडोई उत्पन्न, वीज पोचलेली घरं यांच्याच रांगेत एक रकाना असतो: भूक्षेत्र, चौरस किलोमीटरमध्ये. जमीन किती आहे याचा विकासाशी संबंध काय, असं कोणीही विचारेल. थेट संबंध काहीच नाही. सिंगापूर साडेसातशे चौरस किलोमीटरच्याही आत आहे आणि काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक साडेबावीस लाखांच्या पुढे. कोण किती पुढारलं, हे या आकड्यांवरून कळत नाही आणि कळावं अशी बँकेचीही अपेक्षा नाही.

मग हा रकाना तिथे का? कारण तो छेद आहे. लोकसंख्येची घनता, जंगलाखालची टक्केवारी, लागवडीखालची टक्केवारी, हे सगळे अपूर्णांक आहेत. त्यातल्या अंशावरून आपण तावातावाने भांडतो: झाडं नीट मोजली का, जनगणना कधी झाली. छेदाकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. देशाचं क्षेत्रफळ ना, ते तर शाळेच्या भूगोलातच ठरलेलं आहे!

तसं ते ठरलेलं नाही. बँकेच्या तक्त्यात दोन वेगळे आकडे असतात. एक एकूण क्षेत्रफळ, त्यात नद्या-तलाव धरलेले. दुसरं भूक्षेत्र, त्यातून मोठ्या नद्या, तलाव यांसारखं देशांतर्गत पाणी वजा केलेलं. एकूण क्षेत्रफळाने लावलेली क्रमवारी आपल्या सगळ्यांना पाठ आहे: रशिया पहिला, कॅनडा दुसरा. आता पाणी काढा. कॅनडाच्या सुमारे ९९.८ लाख चौरस किलोमीटरमधून जवळजवळ ८.९ लाख पाण्यात जातात, उरतात ९०.९ लाख. तेवढ्यात चीन आणि अमेरिका दोघंही पुढे सरकतात आणि कॅनडा चौथा होतो. क्रमांकाचं सोडा, तो प्रश्नमंजूषेचा विषय आहे. पण कॅनडाचं जंगल सुमारे ३४.७ लाख चौरस किलोमीटर आहे. भूक्षेत्राने भागलं तर ३८ टक्के, एकूण क्षेत्रफळाने भागलं तर ३५ टक्क्यांच्या आत. एकही झाड न लावता, न तोडता तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला १५.१.१ हा निर्देशक हीच टक्केवारी मोजतो, आणि तिथे भूक्षेत्र हाच छेद आहे.

मला या सगळ्यात भूतानचं उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. भूतानचं क्षेत्रफळ पूर्वी बहुतेक पुस्तकांत ४६,५०० चौरस किलोमीटर असं छापलेलं असायचं. आजचा अधिकृत आकडा ३८,३९४ आहे. म्हणजे कागदावरचा देश आठ हजार चौरस किलोमीटरने आटला. आता दुसरी गोष्ट बघा. २००८ च्या भूतानच्या राज्यघटनेत अट आहे, की देशाच्या जमिनीपैकी किमान ६० टक्के कायम जंगलाखाली राहिली पाहिजे. जुन्या आकड्याचे ६० टक्के म्हणजे २७,९०० चौरस किलोमीटर, नव्याचे सुमारे २३,०००. घटनेतलं अक्षरही न बदलता जंगलाची किमान मर्यादा जवळपास ४,९०० चौरस किलोमीटरने खाली येते. भूतानचं जंगल या मर्यादेच्या बरंच वर आहे, त्यामुळे तिथे कोणाची झोप उडालेली नाही. पण उद्या एखादा देश काठावर असेल, तर त्याचा निकाल वनखात्याऐवजी मोजणीखात्यात लागेल.

आता मोजणीबद्दल थोडं. सीमारेषेची लांबी हा मोठा फसवा प्रकार आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर दिली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितके जास्त खाचखळगे पकडले जातात आणि लांबी वाढतच जाते. क्षेत्रफळाचं तसं होत नाही. एका वळणावर आत गेलेली जमीन दुसऱ्या वळणावर बाहेर येते, आणि मोजणी बारीक होत जाते तसा आकडा स्थिरावतो. म्हणूनच मी म्हणतो, की इथला घोळ अवजारांचा फारसा नाही. काय धरायचं आणि काय सोडायचं, याचा आहे. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड घ्या. एकूण क्षेत्रफळ दोघांचं ४१ हजारांच्या घरात, जवळपास सारखं. पाणी वजा करताच नेदरलँड्स ३४ हजारांच्या आत येतो, स्वित्झर्लंड ३९ हजारांच्या वर राहतो. शिवाय हे आकडे वरून बघितलेल्या सपाट क्षेत्राचे असतात. आल्प्सच्या उतारांवर इस्त्री फिरवली तर किती जमीन निघेल, ते कोणी विचारत नाही. शेतकऱ्याला मात्र उतार चढावाच लागतो.

घनतेत तर छेद सर्रास दिशाभूल करतो. इजिप्त सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, पण जवळजवळ सगळी वस्ती नाईलच्या पट्ट्यात, जेमतेम पाच टक्के जमिनीवर. सरासरी घनता बघून कैरोतली गर्दी समजणार नाही. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या बेटांच्या देशाचं उलट आहे. जमीन साधारण ८१० चौरस किलोमीटर, आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासेमारीवर त्याच देशाचा हक्क असतो तो समुद्र, लाखो चौरस किलोमीटरचं. सरकारचं उत्पन्न मुख्यतः तिथल्या टूना मासेमारीच्या परवान्यांतून येतं. भूक्षेत्राच्या व्याख्येत हे पाणी कुठेच नाही.

बरं, आकडा बदलतोही. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश हा मान काहीही न करता अल्जीरियाकडे गेला. सिंगापूरने समुद्र भरून १९६० च्या दशकापासून दीडशेच्या आसपास चौरस किलोमीटर जमीन कमावली.

आणि काही ठिकाणी जमीन वाढते, ती नको असताना. उझबेकिस्तान आणि कझाकस्तान यांच्या सीमेवरचा अरल समुद्र १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होता. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि आज त्याचा दहावा हिस्सा जेमतेम उरला आहे. अरल हा देशांतर्गत जलसाठा, म्हणजे व्याख्येप्रमाणे त्याचा कोरडा पडलेला तळ भूक्षेत्रात जमा व्हायला हवा. त्या खारट तळावर उझबेकिस्तान आता सॅक्सॉल या वाळवंटी झाडाची रोपं लावतो आहे, धूळ थोपवायला. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या व्याख्येत जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र (फांद्या-पानांनी झाकलेली जमीन), किंवा निदान तिथवर पोचू शकतील अशी झाडं. विरळ लागलेला सॅक्सॉल १० टक्क्यांचं छत्र गाठू शकला नाही, तर ती झाडं अंशात येणार नाहीत; तळ मात्र छेदात आलेला असेल. म्हणजे वाळवंटात झाडं लावणाऱ्या देशाची जंगलाची टक्केवारी तक्त्यात उतरलेली दिसेल.